आधी प्राण, मग निदान

पूर्व विदर्भात मृगाचा पाऊस पडून गेला, धानाच्या बांध्यांत पाणी धरू लागले आणि पऱ्ह्यांची कोवळी हिरवळ दिसू लागली, म्हणजे त्या मुलखातील शेतकऱ्याच्या चित्तात जी उमेद उत्पन्न होते ती पाहून कोणाचेही मन प्रसन्न व्हावे. परंतु ज्याने आपल्या चाकरीची बहुतेक वर्षे तेथील एका शासकीय रुग्णालयाच्या बालरुग्ण कक्षात काढली, त्याला त्याच दिवसांत एका निराळ्या हंगामाची चाहूल लागत असते. जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या या अवधीत, आदल्या संध्याकाळी अंगणात बागडून, पोटभर जेवून निजलेले एखादे मूल मध्यरात्री तापाने फणफणते, ओकाऱ्या काढते, आकडीने त्याचे हातपाय ताठ होतात, आणि उजाडेपर्यंत ते आईच्या हाकेलाही ओ देईनासे होते. लोक याला मेंदूज्वर म्हणतात. सरकारी दप्तरात त्याची नोंद 'एईएस', म्हणजे ॲक्यूट एन्सेफलायटिस सिंड्रोम, या सदराखाली होते. अचानक ताप येऊन त्यासोबत शुद्ध हरपली, भ्रम झाला, किंवा साध्या तापातील आकडीहून वेगळी अशी आकडी प्रथमच आली, म्हणजे रुग्णाची गणना या सदरात करावी, असा दंडक आहे. हे सदर मुद्दामच रुंद ठेवलेले आहे, कारण त्यात रोगाचे नाव नसून केवळ त्याचे बाह्यरूप आहे. आणि एकच बाह्यरूप धारण करणारे रोग किती भिन्न असू शकतात, याची प्रचीती मला त्या कक्षात वर्षानुवर्षे येत राहिली.

शेजारशेजारच्या दोन खाटांवर सारख्याच बेशुद्धावस्थेत पडलेल्या दोन बालकांपैकी एकाच्या मेंदूत जपानी मेंदूज्वराचा विषाणू शिरलेला असे, की जो पाणपक्षी व डुकरे यांच्या शरीरात वाढतो आणि धानाच्या साचलेल्या पाण्यात पैदा होणाऱ्या क्युलेक्स डासांकरवी मनुष्यापर्यंत येतो. तर दुसऱ्याच्या रक्तात गडचिरोलीच्या जंगलपट्टीतून आलेला फाल्सिपेरम मलेरिया असे. तिसऱ्याला माकडतापासारखा काही दुर्मीळ आजार असावा अशी कल्पना करीत असतानाच त्याच्या काखेत, किंवा जांघेत जेथे सहसा कोणी पाहत नाही तेथे, सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली सापडे, आणि झुडपांतील सूक्ष्म किड्याच्या दंशातून होणाऱ्या स्क्रब टायफसचे निदान काही क्षणांत होऊन जाई. चौथ्याच्या मेंदूच्या आवरणांना क्षयरोगाने ग्रासलेले असे. शिवाय, ज्यांत मेंदूचा दाह मुळीच नसतो, पाठीच्या कण्यातील पाणी अगदी स्वच्छ निघते आणि तरीही मेंदू सुजतो, अशीही मुले असतात. कुठल्याशा संसर्गाच्या निमित्ताने यकृत निकामी होऊन, किंवा रक्तातील साखर एकाएकी उतरून, मेंदूचे कार्यच तेथे ठप्प झालेले असते. बाहेरून पाहणाऱ्याला ही सारी मुले एकाच रोगाची वाटावीत, इतके त्यांचे दिसणे सारखे असे.

ही मुले आमच्यापर्यंत पोहोचत ती बहुधा पहाटेच्या सुमारास. मूल पदरात गुंडाळून आणणाऱ्या आईची कैफियत जवळजवळ ठरलेली असे : "सांजच्याला आंगणात खेळत होता जी साहेब, जेवला बी बराबर. रातच्याला आंग तापलं, मंग दोनदा ओकला, अन् डोळेच फिरवले." या दोन वाक्यांत आजाराचा सारा इतिहास आलेला असे, परंतु मधल्या काळाचा इतिहास आम्हांला खोदून विचारावा लागे. आकडी येताच कोणी नाकाशी कांदा फोडून धरलेला असे, कोणी वहाण हुंगवलेली असे, कोणी दातखीळ उघडण्यासाठी तोंडात चमचा घातलेला असे. त्यानंतर बाहेरचे काही लागले असेल या शंकेने अंगारा झालेला असे. मग गावातल्या नोंदणी नसलेल्या वैद्याने एक सुई टोचलेली असे. आणि या सर्वांनंतर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये मुलाला धरून प्राथमिक आरोग्य केंद्र, तेथून ग्रामीण रुग्णालय, आणि तेथून चिठ्ठी घेऊन आमच्याकडे रवानगी. त्या मातापित्यांना दोष देण्याचा विचार माझ्या मनात कधी आला नाही. पावसाळ्याच्या रात्री, नाल्याला पूर असताना, ज्यांनी आपल्याजवळ होते ते सर्व ज्ञान व सर्व पैसा पणास लावला, त्यांच्या तत्परतेत उणे काढण्याचा अधिकार कोणाला आहे? परंतु हे तास फार मोलाचे होते, हेही तितकेच खरे. कवटी ही हाडांची बंद पेटी असून सुजलेल्या मेंदूला पसरण्यास तीत जागा नसते. आकडी जितकी लांबेल, श्वास जितका कोंडेल आणि साखर जितकी उतरेल, तितकी ती सूज वाढत जाते, आणि मूळ जंतूने केले नसते एवढे नुकसान ही दुय्यम कारणेच करून ठेवतात.

म्हणून अशा मुलाला खाटेवर घेतल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत कक्षातील कोणीही, 'हा कोणता रोग असावा', हा प्रश्न उच्चारीत नसे. एक परिचारिका मुलाला कुशीवर वळवून तोंडातील लाळ व ओकारी खेचून काढी आणि प्राणवायू लावी. दुसरी शीर शोधीत असतानाच बोटाच्या टोकातील रक्ताचा थेंब पट्टीवर घेऊन साखर किती ते मोठ्याने सांगे, आणि ती कमी असल्यास दहा टक्के ग्लुकोज तत्काळ सुरू होई. आकडी चालू असली तर लोराझेपाम किंवा मिडाझोलाम, त्याने थांबली नाही तर फेनिटॉइन. खाटेची उशाकडची बाजू तीस अंश वर. ताप उतरवण्याची तजवीज. डोळ्यांच्या बाहुल्यांवर उजेड टाकून त्या सारख्या आकुंचन पावतात की नाही याची पाहणी. एक बाहुली दुसरीहून मोठी दिसली, किंवा नाडी मंद होऊन रक्तदाब चढू लागला, तर मॅनिटॉल किंवा तीव्र मिठाचे पाणी. मलेरियाचा संशय राहिल्यास आर्टेसुनेटची सुई, मेंदूआवरणाच्या जिवाणूंसाठी प्रतिजैविक, नागिणीच्या कुळातील विषाणूचा संभव असल्यास असायक्लोव्हिर, स्क्रब टायफसच्या हंगामात डॉक्सिसायक्लिन. हे सर्व तपासणीचे उत्तर येण्यापूर्वीच सुरू होई. ही औषधे सांगणारी चिठ्ठी कोणीही लिहू शकेल. परंतु ती याच क्रमाने, न गोंधळता, रात्रीच्या तिसऱ्या प्रहरीही चुकू न देता पार पाडणारी परिचारिका घडण्यास वर्षे लागतात, आणि माझ्या कारकिर्दीत जी मुले चालत घरी गेली त्यांचे श्रेय प्रथम या स्त्रियांना आहे, असे मी कृतज्ञतापूर्वक नमूद करतो.

त्या काळी आमच्याकडे श्वसनयंत्रे थोडी आणि मुले पुष्कळ, अशी स्थिती पावसाळ्यात वारंवार येई. अशा वेळी मुलाच्या श्वासनलिकेत नळी घालून अंबू बॅग हाताने दाबत राहावे लागे, आणि मनुष्यबळ अपुरे पडताच ते काम नातलगांना शिकवावे लागे. दाबायचे किती, सोडायचे कधी, छाती वर येते की नाही हे कोठे पाहायचे, एवढे एकदा दाखवले की शेतावर राबून राठ झालेले ते हात आश्चर्यकारक नियमितपणाने काम करीत. बाप दमला की काका, काका दमला की मामा, आणि कित्येकदा शेजारच्या खाटेवरच्या परक्या मुलाचा आजाही पाळी घेई. विज्ञानाने ज्या यंत्राची सोय करावयाची, ती सोय पुरी न पडलेल्या ठिकाणी माणसांनी आपल्या देहाचे यंत्र करून ती उणीव भरून काढली, हे दृश्य मला उदात्त वाटत आले आहे. परंतु त्या उदात्ततेवर समाधान मानून यंत्राची मागणी सोडून देणे हे पाप ठरले असते, आणि म्हणून वरिष्ठांकडे लेखी तगादा आम्ही कधी थांबवला नाही.

येथपर्यंतच्या साऱ्या कामाला रोगाच्या नावाची गरज लागत नाही. आणि काही काळ मला असे वाटू लागले होते की, वाळूमाशीवाटे पसरून हाच मेंदूज्वर आणणाऱ्या चांदीपुरा विषाणूवर अद्यापि औषधही नाही आणि लसही नाही, जपानी मेंदूज्वराला लस असली तरी एकदा रोग झाल्यावर त्या विषाणूस मारणारे औषध नाही, तर मग नाव शोधण्याचा खटाटोप हा पंडितांचा विषय असून उपचार करणाऱ्याने त्यात आपला वेळ का घालवावा? या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याही ग्रंथाने न देता वैनगंगेच्या काठच्या एका गावातील एका बापाने दिले.

त्याचा पाच वर्षांचा मुलगा २००७ सालच्या त्या साथीत आमच्याकडे आला होता, की जी नागपूर विभागात जून ते सप्टेंबर या महिन्यांत चालू होती. रक्ताचे नमुने आम्ही आल्याबरोबर घेतले होते. परंतु पाठीतील पाणी काढण्यास बापाने स्पष्ट नकार दिला. पाठीतले पाणी काढले की पोर पांगळे होते, ही समजूत त्या मुलखात खोल रुजलेली आहे, आणि तिचे मूळही समजण्यासारखे आहे. मेंदूज्वरातून वाचलेली काही मुले लुळी होतात, त्या सर्वांच्या पाठीतून कधी ना कधी पाणी काढलेले असते, आणि लोक त्या दोन गोष्टींची सांगड घालतात. मेंदूवरचा ताण जास्त असल्यामुळे त्या घटकेला ती तपासणी आम्हीही पुढे ढकलणारच होतो. म्हणून मी आग्रह केला नाही, फक्त ती कशासाठी करावयाची एवढे समजावून सांगितले. दुसऱ्या रात्री मूल किंचित स्थिरावले असता तो आपण होऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "साहेब, याचं काय व्हायचं ते होईल जी. पण घरी याच्याहून लहानी पोरगी हाय. तिले हे होऊ नये म्हणून त्या पाण्यातून काही समजंल का?" मी म्हणालो, समजेल असे वचन देता येत नाही, पण समजण्याचा तोच एक मार्ग आहे. त्याने कागदावर अंगठा उठवला.

त्या मुलाला आम्ही वाचवू शकलो नाही. त्याचे नमुने बर्फाच्या पेटीत बंद होऊन पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे रवाना झाले होते, आणि उत्तर आले तेव्हा त्यात चांदीपुरा हे नाव होते. ते नाव हाती पडताच हिवताप खात्याच्या माणसांना काय शोधायचे हे कळले. हा विषाणू पसरवणारी वाळूमाशी डासाहूनही पुष्कळ लहान असते. ती लांब उडत नाही, भिंतीवर टुणटुण उड्या मारल्यासारखी फिरते, दिवसा मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर अंधाऱ्या कोपऱ्यांत दडून बसते आणि रात्री बाहेर पडते. म्हणजे गावाबाहेरच्या डबक्यांवर औषध मारून तिचा बंदोबस्त होत नाही. ज्या घरात मूल निजते त्याच घराच्या भिंतीच्या भेगा लिंपाव्या लागतात, भिंतींवर आतून फवारणी करावी लागते, गोठा व झोपण्याची जागा यांत अंतर ठेवावे लागते. त्या गावात हे सर्व झाले आणि त्या हंगामात तेथून दुसरे मूल आमच्याकडे आले नाही. केवळ फवारणीनेच असे घडले, हा दावा करणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु त्या बापाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर होते, आणि ते नावाशिवाय मिळाले नसते, एवढे निःसंशय.

त्या नावाचा स्वतःचा इतिहासही मनन करण्याजोगा आहे. १९६५ साली नागपुरात तापाची मोठी साथ आली, तेव्हा चिकुनगुनिया व डेंग्यू यांच्या शोधात असलेल्या पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना दोन रुग्णांच्या रक्तात एक अपरिचित विषाणू आढळला, आणि नागपूरकडील ज्या गावाशी त्या रक्ताचा संबंध होता त्या चांदीपुऱ्याचेच नाव त्याला मिळाले. हे केंद्र १९५२ साली स्थापन झालेले, आणि आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. रेबीजच्या विषाणूचा हा दूरचा आप्त त्या वेळी कोणाच्या प्राणावर उठलेला दिसला नव्हता. पुढे तो महाराष्ट्रातच वाळूमाश्यांत सापडला, १९८० च्या सुमारास मध्य प्रदेशातील एका आजारी बालकात सापडला, आणि बाकीचा काळ तो प्रयोगशाळेच्या शीतपेटीत व दप्तरांत पडून राहिला. मग २००३ च्या उन्हाळ्यानंतर आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना तीव्र मेंदूविकार झाला व त्यांतील १८३ दगावली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा विषाणू दिसला, तेव्हा तो ओळखण्यासाठी लागणारे साहित्य देशात आधीच जपून ठेवलेले होते. त्या मृत्यूंचा सर्व दोष या विषाणूला द्यावा की मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराला, याविषयी तज्ज्ञांत वादही झाले. पण वाद घालण्यासाठीदेखील हाती पुरावा असावा लागतो. २०२४ साली जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात एईएसच्या २४५ रुग्णांची नोंद होऊन त्यांपैकी ८२ मृत्यू पावले, ६४ जणांत चांदीपुरा निश्चित झाला आणि त्यांतील ६१ एकट्या गुजरातेतील होते. तेव्हा संशय कोणाचा घ्यावा, नमुना कोठे पाठवावा आणि भिंतींच्या भेगांत मॅलेथिऑनची भुकटी का टाकावी, हे पहिल्या आठवड्यातच ठाऊक होते. १९६५ साली निरुपयोगी भासणारी एक नोंद कोणी तरी काळजीपूर्वक केली, म्हणून हे शक्य झाले.

इतर प्रांतांची हकीकतही हेच सांगते. बिहारातील मुझफ्फरपूर येथे दर उन्हाळ्यात, लिचीच्या हंगामात, पहाटे आकडी येऊन मुले मरत असत आणि वर्षानुवर्षे तो विषाणूचाच प्रताप मानला जाई; शोधकांनी चिकाटीने तपास केल्यावर दिसले की तेथे मेंदूचा दाह नव्हताच, उपाशीपोटी निजलेल्या मुलांच्या शरीरात लिचीतील द्रव्याने साखर तयार होण्याची क्रिया रोखली जात होती, आणि वेळीच दिलेले ग्लुकोज व रात्रीचे पोटभर जेवण हेच त्यावरील मुख्य उपाय होते. गोरखपूरच्या परिसरात जपानी मेंदूज्वराची ओळख पटली म्हणून २००५ च्या भीषण साथीनंतर, २००६ पासून, लसीकरणाची मोहीम उघडता आली. पुढेही मुले मरत राहिली तेव्हा पुन्हा शोध झाला, त्यांतील पुष्कळांना स्क्रब टायफस असल्याचे आढळले, आणि स्वस्त प्रतिजैविक तापाच्या प्रारंभीच देण्याची प्रथा पडली. खाटेवरच्या मुलासाठी ज्या नावाचा उपयोग होत नाही, ते पुढच्या वर्षीच्या मुलासाठी औषध ठरते.

जी मुले वाचली त्यांच्याविषयीही लिहिले पाहिजे. चांदीपुऱ्यातून तगलेले मूल पुष्कळदा काही दिवसांत असे सावरे, की नवख्या माणसाला त्याच्या आजाराची कल्पनाही येऊ नये. परंतु जपानी मेंदूज्वरातून वाचलेल्यांपैकी तीस ते पन्नास टक्के रुग्णांच्या वाट्याला कायमचे काही ना काही वैगुण्य येते. सात वर्षांची एक मुलगी शुद्धीवर आली ती वाचा गमावून. तिची आजी तिला घेऊन दर पंधरवड्याला बाजाराच्या दिवशी येत असे, व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी शिकवलेले हातापायांचे व्यायाम घरी नेमाने करवून घेत असे, आणि एका हिवाळ्यात त्या मुलीने मला पाहून "डॉक्टरबाबा" अशी हाक मारली. घरी जाण्याचा कागद हातात पडला की उपचार संपतात, ही समजूत या आजारात फार घातक आहे. गिळणे, बोलणे, चालणे, शाळेत पुन्हा बसणे यांतील प्रत्येक पायरीवर मुलाला कोणाचा तरी हात लागतो, आणि तो पुरवण्याची व्यवस्था तालुक्याच्या ठिकाणी असल्याखेरीज गरीब घरे तेथवर पोहोचू शकत नाहीत.

निवृत्तीनंतर तरुण डॉक्टरांपुढे किंवा आशाताईंच्या प्रशिक्षणात बोलण्याचा प्रसंग येतो तेव्हा मी दोनच गोष्टी विस्ताराने सांगतो. पहिली अशी की, सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापात येणाऱ्या बहुतेक आकड्या निरुपद्रवी असतात, थोड्या वेळात थांबतात, आणि मूल जागे होऊन आईला ओळखते. परंतु आकडी पाच मिनिटांहून अधिक चालली, पुन्हा आली, किंवा थांबल्यावरही मूल भानावर येईना, तर उजाडण्याची वाट पाहू नये. मुलाला कुशीवर निजवावे, तोंडात काहीही घालू नये, १०८ ला वर्दी द्यावी आणि जवळच्या केंद्रात न्यावे. आणि त्या केंद्रात साखर मोजण्याची पट्टी, ग्लुकोज, नाकात मारावयाचा मिडाझोलामचा फवारा, प्राणवायू, आणि ही चारही साधने रात्री वापरू शकणारी एक व्यक्ती असलीच पाहिजे. दुसरी गोष्ट अशी की, प्राणरक्षणाचे काम मार्गी लागताच नमुना घ्यावा, तो थंड राहील अशी दक्षता घ्यावी, मुलाचे घर, गोठा, अन्न, प्रवास यांची नोंद करावी आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

या दुसऱ्या गोष्टीच्या अखेरीस मी एक आग्रह धरतो, आणि तो धरताना माझ्या स्वरात वयाला न शोभणारी तीव्रता येते याची मला जाणीव आहे. प्रयोगशाळेचे उत्तर बहुधा मूल गेल्यानंतर किंवा घरी परतल्यानंतर कित्येक आठवड्यांनी येते, दप्तरात यथास्थित चिकटवले जाते, आणि वरिष्ठांकडे जाणाऱ्या तक्त्यात एक आकडा वाढतो. ज्यांच्या लेकराचे ते रक्त होते त्यांना मात्र ते कोणी कळवीत नाही. 'कशानं गेला जी?' हा प्रश्न घेऊन ते घर पुढची सारी वर्षे जगते, आणि उत्तराच्या अभावी कधी सुनेच्या पायगुणाला, कधी शेजारणीच्या नजरेला, कधी स्वतःच्याच कपाळाला दोष देत राहते. अंगठा उठवून देणाऱ्या त्या बापाकडे मी आशाताईंना सोबत घेऊन गेलो होतो. त्याने सर्व ऐकून घेतले, भिंतीची भेग कोठे कोठे आहे ते दाखवले, आणि आपल्या पत्नीला हाक मारून तिच्यासमोर मला ते सारे पुन्हा एकदा सांगायला लावले, कारण गावातील बायकांनी त्या माउलीच्या हातच्या जेवणावर ठपका ठेवला होता. तेव्हापासून माझे मत कायम झाले आहे की, या आजारात वैद्याचे कर्तव्य मुलाच्या मृत्यूने संपत नाही, किंवा त्याच्या घरी जाण्यानेही संपत नाही. ज्या दिवशी आजाराचे नाव मुलाच्या आईबापांना, त्यांच्या भाषेत, त्यांच्या दारात जाऊन सांगितले जाते, त्या दिवशीच ते पुरे होते.